सहा आण्यांच्या आत

आमच्या घरमालकांनी माझी पहिली पाहणी केली ती पाठीमागून.

आदिलाबादच्या मराठी शाळेत माझी बदली झाली होती आणि मी खोलीच्या शोधात होतो. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात एक खोली रिकामी आहे असे समजले. मी दार वाजवले. एक उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बाहेर आले. माझे म्हणणे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले, मला अंगणाच्या मधोमध उभे केले आणि हातातली मिटलेली छत्री टेकत माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारली. पाठीमागे आल्यावर ते थांबले. माझ्या टाचा, सदऱ्याच्या कॉलरची आतली बाजू आणि पिशवीचा तळ, एवढ्या गोष्टी त्यांनी बारकाईने पाहिल्या असाव्यात, कारण पुढे आल्यावर माझ्या तोंडाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून त्यांनी जाहीर केले, “सात आणे.”

आतून भांड्यांच्या आवाजाबरोबर काकूंचे उत्तर आले, “मंग देऊन टाका खोली. मले तर चारच देल्ले होते!”

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. आमचे घरमालक महसूल खात्यातून निवृत्त झालेले गिरदावर होते. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून जमीन आणि पीक यांची पाहणी करणारा निरीक्षक. निजामाचे राज्य गेले, पण त्याचे शब्द कचेरीतच मुक्कामाला राहिले. हा त्यांतलाच एक. गिरदावराच्या कामाचा गाभा म्हणजे आणेवारी. भरघोस पीक सोळा आणे धरायचे आणि उभे पीक पाहून या हंगामाचे किती आणे, ते ठरवायचे. आण्याचे नाणे चलनातून कधीच गेले. आमच्या घरमालकांच्या डोक्यातून गेले नाही. नोकरी संपल्यावर शेते राहिली नाहीत, म्हणून ते दिसेल त्याची आणेवारी करीत.

गल्लीतल्या गणपतीची मूर्ती पाहून आले की म्हणत, “नऊ आणे. सोंड घाईत केली.” एका मोठ्या अधिकाऱ्याचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण त्यांनी दोन आण्यांवर बसवले होते, आणि तेही भाषण चालू असताना, पहिल्या रांगेतून, ऐकू जाईल अशा आवाजात. पपई, पुजारी, नवा पूल, तेलुगू बातम्या देणारी बाई, मुलांचे निबंध, कशालाही सूट नव्हती. सोळा आणे त्यांनी कशालाच दिल्याचे कोणाला आठवत नसे. मी शिक्षक माणूस. सोळांपैकी किती, याचा अर्थ मी लगेच लावला: हे गुण आहेत, जास्त ते चांगले, कमी ते वाईट. गुण दिल्यावर पुढे त्यांचे काय होते, हे विचारण्याची शिक्षकाला सवय नसते. मला सात मिळाले होते, काकूंना चार. मी बराच काळ त्या सात आण्यांच्या तोऱ्यात वावरलो.

पाठीमागून पाहण्याचेही शास्त्र होते. एकदा ते मला समजावून सांगू लागले, “मास्तर, पीक बांधावरून पाहू नये. बांधावरचं पीक सरकारले दाखवाले असते. आत शिरावं, पार मधात. तिथं जे हाय, ते खरं.” म्हणून ते हॉटेलात शिरले की आधी मोरी पाहत, आणि कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले की मागच्या दाराने जात. चोर समजून एका घरी त्यांच्यावर पाणी ओतले गेले होते. त्या घराला त्यांनी अकरा आणे दिले. पहारा चोख होता.

आता क्रिकेट. तरुणपणी ते कचेरीच्या संघाचे सलामीचे फलंदाज होते, आणि त्यांच्या नावावर एक पराक्रम जमा होता. एका गिरणीच्या बलाढ्य संघाविरुद्ध कचेरीचे बाकीचे सगळे गडी धडाधड पडले. हे मात्र सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत उभे राहिले आणि सामना अनिर्णित ठेवला. धावा किती केल्या, असे कोणी विचारले तर ते दुखावत. “धावा करणाऱ्यायचे ढीग पडले होते मागं,” ते म्हणत. शेवटी शेवटी गिरणीच्या गोलंदाजाने हात जोडून ‘आता बाद व्हा हो, घरी पाहुणे आले आहेत’ अशी विनंती केली, असे ते सांगत. प्रेक्षकांत बसलेले, समोरच्या दुकानातले करीमचाचा शिंपी हीच गोष्ट वेगळी सांगत: “मास्टरजी, मैं एक नींद निकालके उठा, साब उधरिच खडे थे. दुसरी नींद निकाला, तो भी उधरिच.”

त्यांच्या खेळाचे मर्म चेंडू मारण्यात नव्हते, सोडण्यात होते. ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू आला की बॅट खांद्यावर उचलायची आणि त्याला जाऊ द्यायचे. “पण मास्तर, सोडला म्हणून नजर काढू नये. कीपरच्या हातात पडेपर्यंत पाहत राहावं. सोडणं येगळं आन् दुर्लक्ष येगळं.” हा फरक त्यांनी मला अनेकदा शिकवला. तो पटवून देण्यासाठी ते छत्री बॅटसारखी धरून अंगणात उभे राहत.

संसारातही त्यांची शैली हीच होती. माझ्या खोलीचा नळ गळत असे. मी तक्रार घेऊन गेलो की ते माझ्या वाक्याचा टप्पा कोठे पडतो आहे ते शांतपणे पाहत, मग छत्री अलगद खांद्यावर उचलत आणि म्हणत, “बाहेरचा व्हता. सोडला.” माझ्या वास्तव्यात तो नळ एकदाही यष्टींच्या रेषेत आला नाही. वांगी घेण्यास त्यांना एक सकाळ लागे, कारण फलंदाजासारखी आधी नजर बसवावी लागे. त्यांचे लग्नसुद्धा उशिरा झाले, काकूंच्या शब्दांत, “हे नजर बसवत राह्यले, आन् गावातल्या समद्या पोरी उजवल्या. मी उरली व्हती, मंग चार आणे देऊन आणलं मले.”

असा मनुष्य वीस षटकांचे क्रिकेट पाहू लागला, तर काय होईल?

वाचकांपैकी जे क्रिकेट पाहत नाहीत, त्यांच्यासाठी परिस्थिती थोडक्यात सांगतो. आपला देश या खेळातली महासत्ता आहे. पैसा आपला, प्रेक्षक आपले, वीस षटकांच्या खेळाची सर्वांत मोठी जत्राही आपल्याच अंगणात भरते. पाच दिवसांच्या सामन्यात परदेशांत जाऊन जिंकणारा हा संघ वीस षटकांच्या विश्वचषकाला उभा राहिला, की मात्र त्याचे हातपाय आखडत. पहिलाच विश्वचषक आपण जिंकलो, आणि मग वर्षानुवर्षे उपांत्य किंवा अंतिम सामन्यापर्यंत वाजतगाजत जायचे आणि तेथे वऱ्हाडाने जेवण न करता परतावे तसे परतायचे, असा क्रम पडला. काही वेळा तर तेथपर्यंतही जाणे झाले नाही.

प्रत्येक पराभवानंतर दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात पाहणी भरत असे. घरमालक खुर्चीवर, करीमचाचा दुकानातले स्टूल घेऊन आलेले, मी पायरीवर, आणि काकू दाराच्या आत, पण मताधिकार राखून.

“बोलो साब,” करीमचाचा सुरुवात करीत, “कितने आने?”

“आपले तीन आणे. त्यायचे बारा.”

“हर बार उनकोइच ज्यादा! आप किसके तरफ से हैं साब?”

“गिरदावर कोणाच्या तरफेनं नसते करीममियाँ. पीक जसं हाय तसं.”

हे वर्षानुवर्षे चालले. आपला संघ कधी तीन आणे, कधी चार. प्रतिस्पर्धी मात्र अकरा, बारा, एकदा तर चौदा. आपण साखळीतला एखादा सामना दणक्यात जिंकला तरी आपल्याला साडेपाच, आणि चारीमुंड्या चीत झालेल्या पाहुण्यांना आठ! गल्लीतल्या पोरांनी त्यांना परदेशी हेर ठरवले होते. मीही शिक्षकाच्या नजरेने विचार करून पाहिला आणि हा परीक्षक पक्षपाती आहे, असा शेरा मनातल्या मनात मारला.

पराभवाचे कारण काय, यावर मात्र करीमचाचांचे मत ठाम होते. चाळीस वर्षे कापडाला कात्री लावणाऱ्या या माणसाला हात आखडणे मानवत नसे. “दस विकेट दिये, बीस ओव्हर दिये. दस के दस खर्चा करने के हैं ना? ये लोगां बचा बचा के खेल रैं. किसके वास्ते बचा रैं? पोतों के वास्ते?”

“जमीन पाहाव लागते पयले,” घरमालक म्हणत.

“जमीन देखने तक फसल कट जाती साब!”

हा वाद नुसता क्रिकेटचा नव्हता, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. घरमालकांची एकुलती एक मुलगी सुनंदा गुडीहत्नूरच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत काम करी. रोज सकाळी बसने जाई, संध्याकाळी येई. हुशार, हजरजबाबी मुलगी. आणि लग्नाचे वय, आमच्या भागातल्या नातेवाइकांच्या हिशेबाने, केव्हाच मागे टाकलेली. स्थळे आली नाहीत असे नाही. आली, आणि वडिलांनी ती एकेक करून सोडली. एक स्थळ हैदराबादच्या इंजिनिअरचे होते. त्याला तर घरमालकांनी चक्क दहा आणे दिले. आम्ही सर्व आनंदलो. मला तर पेढ्यांचा वास येऊ लागला होता. तेवढ्यात छत्री खांद्यावर गेली. “बाहेरचा व्हता.” दुसरे एक नऊ आण्यांचे स्थळ ‘पुढच्या हंगामात पुन्हा पाहू’ या उत्तरावर ताटकळत बसले आणि त्या हंगामात दुसरीकडे उजवले. दहा आण्यांचा मनुष्य सोडायचा तर मग उचलायचा कोणता, हे कोडे मला काही केल्या सुटेना.

मग सुनंदाने स्वतःच एक नाव पुढे केले. त्याच दवाखान्यात औषधे देणारा दिनेश, बाजारहत्नूरचा. आईवडील नाहीत, मामाने वाढवलेला. काकूंना पसंत. वडिलांनी ‘येऊ द्या, पाहू’ म्हटले. त्यांचे ‘पाहू’ ऐकूनच सुनंदाचा चेहरा उतरला. अंगणातल्या नळावर पाणी भरताना ती मला म्हणाली, “मास्तर, यावेळी अप्पायनं सोडलं, तर मी परत कोणासमोर चहाचा ट्रे घेऊन येणार नाई. सांगून ठेवते. मले आता नवीन माणसावर नजर बसवाची ताकद नाई.” ती हसत बोलली होती, पण भरलेली बादली उचलायला विसरून गेली.

पाहुण्यांना कोणत्या दिवशी बोलवायचे, हे घरमालकांनी ठरवले, आणि येथे त्यांच्या हातून एक चूक झाली. त्या दिवशी ऑस्ट्रेलियात आपला इंग्लंडशी उपांत्य सामना होता. तेथला खेळ आपल्याकडे भर दुपारी दिसतो. “दुपारी या,” त्यांनी निरोप धाडला, “मॅच सांजेपर्यंत चालन. सावकाश बसू.” सामना सांजेपर्यंत चालेल, हे त्यांनी गृहीत धरले. आणि कापसाचा हंगाम ऐन भरात आहे, हे ते विसरले.

दिनेशचा मामा आला तो भरल्या घाईत. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा शेतकरी; त्याची कापसाची गाडी बाजाराच्या फाटकाबाहेर रांगेत उभी होती. गाडी पुढे सरकली की तेथून फोन येई. मामा खुर्चीच्या काठावर बसला. दिनेश त्याच्या शेजारी, हात गुडघ्यांवर, डोळे चोरून ओसरीवर मांडलेल्या दूरदर्शन संचाकडे. मी अर्धी रजा काढून पायरीवर होतो. करीमचाचांनी त्या दिवशी एका नवरदेवाची शेरवानी अर्धवट टाकली होती.

आपला डाव सुरू झाला. आपल्या फलंदाजांनी पहिली षटके अशी काही जपून खेळली, की जणू सामन्याचे अजून चार दिवस शिल्लक आहेत. इकडे घरमालकांनीही पाहुण्यांना एकही प्रश्न विचारला नाही. ते उठले, दाराबाहेर जाऊन दिनेशच्या चपला उलट्या करून पाहिल्या, मग त्याच्या मोटारसायकलला मागून फेरी मारली, परत येऊन बसले. काकूंनी पोहे आणले. मामाने ते दोन घासांत संपवले.

“मंग, गिरदावरसाहेब?” मामा म्हणाला.

“जमीन पाहून राह्यलो.”

“चपलेखाली?”

करीमचाचा खो खो हसले. तेवढ्यात मामाचा फोन वाजला. “हाव, हाव, सरकव पुढं. मी आलोच,” तो ओरडला.

शेवटच्या काही षटकांत आपल्याकडून थोडी हाणामारी झाली, आणि मला वाटले की दोन्ही आघाड्यांवर परिस्थिती सावरते आहे. सुनंदा चहा घेऊन आली. दिनेशने कप उचलताना तिच्याकडे पाहिले आणि दोघेही दवाखान्यात रोज भेटत नसल्यासारखे लाजले. घरमालकांनी ते पाहिले.

मग इंग्लंडचे दोन सलामीवीर आले. त्यांनी जमीन पाहिली नाही, हवा पाहिली नाही, नजर बसवली नाही. पहिल्या चेंडूपासून ते असे सुटले, की जणू त्यांचीच गाडी बाजाराच्या रांगेत उभी होती. आपल्या गोलंदाजांना एकही गडी मिळेना. षटकामागून षटक जात होते, आणि सांजेपर्यंत चालणारा सामना उन्हे उतरण्याआधीच संपणार, हे माझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षकालाही दिसू लागले.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मामा उठूनच उभा राहिला. “गिरदावरसाहेब, माया नंबर लागून राह्यला. हाव का नाई, आत्ता सांगा. दुसरी चक्कर नाई होत मायाच्यानं. पोराले बी दुसरं स्थळ सांगून आलेलं हाय, त्यायले उद्या जवाब द्याचा हाय.”

घरमालक संथपणे म्हणाले, “एक हंगाम जाऊ द्या...”

“साब,” करीमचाचा मध्येच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, “यहाँ भी विकेट बचा रैं क्या? किसके वास्ते?”

घरमालकांचा हात छत्रीकडे गेला. मी डोळे मिटून घेण्याच्या बेतात होतो. त्याच क्षणी दारातून सुनंदाचा आवाज आला. “अप्पा, हा नका सोडू.”

एवढेच. रडणे नाही, ओरडणे नाही. पडद्यावर चेंडू सीमेपार गेला आणि इंग्लंडचे दोघे एकमेकांना मिठी मारू लागले. एकही गडी न गमावता ते जिंकले होते. आपल्या गोलंदाजांच्या सगळ्या योजना घडी न मोडता घरी परत आल्या. घरमालक उठले. त्यांनी संच बंद केला. मग दिनेशला हाताने खूण करून अंगणाच्या मधोमध उभे केले, जेथे एकदा मी उभा होतो, आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली. पाठीमागे ते बराच वेळ थांबले. पुढे आले आणि म्हणाले, “पाच आणे.”

दहा आणेवाला सोडला गेला होता, नऊ आणेवाला सोडला गेला होता. पाच आण्यांना कोण विचारतो? दिनेश खाली पाहू लागला. सुनंदा तरातरा पुढे आली. “अप्पा, नापासच कराचं व्हतं तर बोलावलं काऊन? चपला काऊन पाहल्या त्याच्या?”

पण मामा? मामा हसत होता. आधी मिशीत, मग पोट धरून. “अवो, पाच आणे देल्ले ना त्यायनं! पाच!” त्याने दिनेशच्या पाठीवर अशी थाप मारली की तो एक पाऊल पुढे गेला. “सहाच्या आत! म्हंजे मंजूर! तुमीच ते गिरदावर व्हय? आमच्या गावाले बी तुमीच पाच लिवले व्हते, लय वर्सं झाली.”

मी आणि सुनंदा एकमेकांकडे पाहत राहिलो. तेव्हा घरमालक खुर्चीत बसले आणि त्यांनी आम्हा दोघा पदवीधरांना, पहिलीच्या वर्गाला शिकवावे तितक्या सावकाश, आणेवारीचे उरलेले अर्धे शास्त्र सांगितले.

“मास्तर, हे काही परीक्षेचे मार्क नव्हत. आमची शीव सहा आण्याची. पीक सहाच्या वर गेलं, की सरकार म्हणते, यायचं बरं चाललं हाय, यायले काई देऊ नका. सहाच्या आत आलं, की शेतसारा थांबतो, मदत लागू व्हते. म्हणून ज्या गावाले आपली गरज, तिथं हात आखडून लिवावं.” त्यांनी एक श्वास घेतला. “तो इंजिनिअर दहा आण्याचा. भरल्या घरचा. त्याच्या घरी मी गेलो असतो, त पायपुसण्यावर उभं केलं असतं मले. पोरीचं काई दुखलं-खुपलं तर म्हणाले असते, आमचं आमी पाहू. याले मायबाप नाई. चपलेले तीनदा शिवलं, पण टाच सरळ झिजली हाय. सरळ चालते पोरगा. याच्या घरी मदत लागू. दरसाल. मी हाय तोपर्यंत.”

“मंग थांबत काऊन व्हते?” सुनंदाने विचारले. तिचा आवाज आता पहिला राहिला नव्हता.

त्यांनी बंद झालेल्या संचाकडे पाहिले. “मदत लागू केली की देऊन टाकाव लागते ना,” ते म्हणाले. “तुले.”

माझे लक्ष काकूंकडे गेले. त्या कधीच्या पोह्यांची रिकामी ताटे घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठा हिशेब चालू होता. “म्हंजे,” त्या हळूहळू म्हणाल्या, “मले जे चार देल्ले व्हते...”

घरमालकांनी झटकन छत्री खांद्यावर उचलली. “बाहेरचा व्हता,” ते म्हणाले. “सोडला.” पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि करीमचाचांनी तोंडावर रुमाल धरला.

मामा गाडीकडे पळाला. लग्न त्याच हंगामात झाले. वरातीची आणेवारी जाहीर करू नये, अशी काकूंनी ताकीद दिली होती. ती घरमालकांनी पाळली, फक्त बँडवाल्यांच्या कानात जाऊन काहीतरी सांगितले आणि बँड थोडा वेळ बंद पडला.

त्यानंतर आम्हाला आपल्या संघाविषयीचे त्यांचे सगळे जुने निकाल नव्याने वाचावे लागले. तीन आणे, चार आणे, साडेपाच आणे! वर्षानुवर्षे हा मनुष्य देशाच्या संघाला मदतीस पात्र ठरवत आला होता, आणि आम्ही त्याला हेर म्हणत होतो. प्रतिस्पर्ध्यांना बारा, चौदा. त्यांचे बरे चालले होते, त्यांना काही द्यायला नको.

पुढे वेस्ट इंडीजमध्ये आपण तो चषक अखेर जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी करीमचाचा जिलेबी घेऊन आले. “अब बोलो साब! आज तो सोला!”

घरमालकांनी एक जिलेबी खाल्ली. दुसरी हातात घेऊन विचार केला. “पावणेसहा.”

“कप लाए ना, साब!”

“आणला. खरं हाय. पण सहाच्या वर लिवलं की तुमी ओरडणं बंद करसान. मंग त्यायचं कोण हाय?”

फोनवर सुनंदाला हे सांगितले तेव्हा ती इतकी हसली, की तिच्या कडेवरची मुलगी घाबरून रडू लागली. त्या नातीला जन्मल्या दिवशी दीड आणा मिळाला होता. इतकी कमी आणेवारी त्या घराण्यात कोणालाच लाभलेली नाही.

मग माझीही बदली झाली. सामान टेम्पोत भरून झाले. नळ गळतच होता. मी शेवटचा म्हणून तो विषय काढला आणि तो रीतसर सोडला गेला. निघताना एक गोष्ट मात्र मला बोचत होती. या घरात मी इतकी वर्षे काढली आणि माझ्या नावावर ते पहिल्या दिवशीचे सात आणेच होते. एकेकाळी मी त्यांच्या तोऱ्यात वावरलो होतो. आता त्यांचा अर्थ मला ठाऊक होता: याचे बरे चालले आहे, याला काही देऊ नका.

मी नमस्कार केला. त्यांनी मला अंगणाच्या मधोमध थांबवले आणि छत्री टेकत माझ्याभोवती फेरी मारली. आता ती फेरी पूर्वीपेक्षा बरीच सावकाश झाली होती. पाठीमागे आल्यावर ते थांबले.

“मास्तर,” मागूनच आवाज आला, “तवा सात लिवले, ते बांधावरून लिवले व्हते. आत शिरलो नव्हतो.” छत्री टेकल्याचा आवाज आला. “साडेपाच.”

मला वळून पाहण्याचा धीर झाला नाही. टेम्पो सुरू झाला. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिले. ते अंगणाबाहेर येऊन रस्त्याच्या मधोमध उभे होते. छत्री खांद्यावर उचललेली होती, चेंडू सोडून दिला होता, आणि नजर तशीच त्याच्यावर लावून ठेवली होती.